बर्फावरच्या शर्यतीत मी भरलेली हवा

चहा सांगा आधी, साखर कमी. मग बसा, सांगतो. गावात निम्मं खरं आणि निम्मं सोपानच्या पदरचं फिरतंय, त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐकलेलं बरं. माझ्या हातून घोटाळा झाला. मोठा झाला. पार हिमाचलात जाऊन, बर्फात उभं राहून केला. एवढं आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्ये कुणी मुद्दाम खोकायला नको.

मी चौथी शिकलेला माणूस. पण सायकल मला विचारा. बेंबळीहून उस्मानाबादला, म्हणजे आता धाराशिवला, मी उभी हयात दूध घातलं. दोन्ही बाजूंना कॅन, मध्ये मी. माझी सायकल वाटेत बसली म्हणून कुणाचा चहा काळा राहिला, असं एक घर दाखवा. त्याचं कारण हवा. चाकात हवा कशी पाहिजे? दगडासारखी. अंगठा दाबला तर अंगठा दुखला पाहिजे. मऊ चाकाच्या सायकलवर बसणारा माणूस मला आवडत नाही. त्याच्या घरी मी सोयरीकही करणार नाही.

आता दुसरी गोष्ट. आपल्याकडं एखाद्याचं एखाद्याशी वाकडं आलं की तो काय करतो? तोंडावर भांडत नाही. गुपचूप हवा सोडतो. बांधावरून वाजलं, हवा सोड. लग्नात मान मिळाला नाही, मांडवाबाहेर जाऊन हवा सोड. ग्रामपंचायतीला पडला, तर निवडून आलेल्याच्या जीपची चारी चाकं जमिनीला टेकवतो आणि सकाळी सगळ्यांच्या आधी हळहळायला येतो. माझी स्वतःची हवा कितीदा सोडली असेल त्याला गणती नाही. मी कुणाची सोडली नाही असंही म्हणत नाही. सांगायचं ते इतकंच, की बसलेलं चाक दिसलं की आपण खिळा शोधत नाही. आपण माणूस शोधतो.

तर दीपाली. माझ्या थोरल्या पोराची मुलगी. पुण्यात कंपनीत आहे. तिनं दिवाळीला सायकल आणली. चाकं म्हणजे भोपळे. स्टँडवर सोपाननं बघितली आणि माझ्या अंगावर आला.

"आबा, ट्रॅक्टरचं पिल्लू आणलं का नातीनं?"

"बर्फात चालवायची हाय."

"बेंबळीत बर्फ कुठं हाय? लग्नात मठ्ठ्यात टाकतेत तेवढाच."

"हिमाचलात हाय. शर्यत हाय तिथं."

"मग वाण्याला सांगून मठ्ठ्याचंच पिंप आणू. पोरगी घरीच सराव करंल."

मी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. देत नसतो.

शर्यतीचं मी दीपालीला नीट विचारून घेतलं. एक अख्खा दिवस, एक अख्खी रात्र आणि दुसऱ्या दिवशी सूर्य डोंगराआड जायच्या आत परत. सगळी वाट बर्फाची. गोठलेल्या नदीवरूनसुद्धा.

"खायचं काय?" मी विचारलं.

"सायकलवर बांधून न्यायचं, आबा. चूल, अंथरूण, सगळं."

"पाणी?"

"बर्फ वितळवून प्यायचं."

"वाटंत कुणी तांब्याभर दिलं तर?"

"घ्यायचं न्हाय. बाहेरच्या माणसानं कसलीबी मदत केली की शर्यतीतून बाहेर."

"पाणीबी न्हाय?"

"पाणीबी न्हाय."

"मग तुमी पाप काय केलंय?"

ती हसली, पण थोडंच. मागच्या वर्षी ती या शर्यतीत अर्ध्यातून परतली होती. पाय गारठले, बसली, उठताच येईना. घरी येऊन कुणाशी बोलली नाही. यंदा तिच्या बापानं, म्हणजे माझ्याच पोरानं, सांगून टाकलं होतं, ही शेवटची. पोचलीस तर पोचलीस, नाहीतर ही सायकल विकायची आणि बर्फाचं नाव काढायचं नाही. दीपाली त्याला व्हय म्हणाली. मला म्हणाली, "आबा, औंदा पोचायचंच."

मी म्हटलं, "एकटी जायची न्हाईस. म्या येतो."

"आबा, तिथं लई माणसं असतेत."

"म्हणूनच येतो."

दिवाळीभर ती सडकेवर सराव करायची, तुळजापूरपर्यंत जाऊन यायची. सकाळी हवा मी भरायचो. तिचा पंप पायानं दाबून धरायचा, दोन्ही हातांनी मारायचा. चांगला होता. ती चाक दाबून बघायची आणि म्हणायची, "आबा, तुमच्यासारखी हवा पुण्यात कुणाला भरता येत न्हाय." आता हे वाक्य कुठल्याही माणसाच्या डोक्यात गेलं असतं. माझ्या गेलं.

प्रवासाचं सांगत बसत नाही. रेल्वे, मग बस, मग जीप, मग थंडी. थंडी म्हणजे काय ते इथं सांगून कळणार नाही. मी माकडटोपी, वर उपरणं, वर घोंगडं घेतलं होतं. तरी दात वाजायचे. तिथं एका शाळेच्या आवारात सगळे उतरले होते. बायका एका खोलीत, गडी दुसऱ्या खोलीत. मधोमध शेगडी. सायकली बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये ओळीनं लावलेल्या, दीड-दोन डझन असतील. केरळची पोरं, बंगळूरचा एक चष्मेवाला, एक गोरी बाई, आणि आमची दीपाली.

या शर्यतीचा मुख्य माणूस नेगी नावाचा. तिथलाच, पन्नाशीचा, दाढीवाला. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी मी आमच्या खोलीच्या खिडकीशी बसलो होतो. दीपाली तिच्या खोलीत सामान बांधत होती. मला दिसलं, नेगी शेडमध्ये एकटाच फिरतोय. एका सायकलपाशी थांबतो. इकडं तिकडं बघतो. चाकावर अंगठा दाबतो. हसतो. पुढच्या सायकलपाशी जातो. पुन्हा अंगठा. पुन्हा हसू.

चाकावर अंगठा दाबून हसणारा माणूस मी ओळखतो.

तेव्हाच दीपालीला विचारलं असतं तर विषय मिटला असता. पण मी विचारत नसतो. उभ्या जन्मात रस्तासुद्धा विचारला नाही. दोनदा भलत्याच गावाला पोचलो, पण विचारलं नाही.

पहाटे मी सगळ्यांच्या आधी उठलो. धारेची वेळ अंगात असते ती जात नाही. सरळ शेडमध्ये गेलो. दीपालीची सायकल बघितली. पुढच्या चाकावर अंगठा ठेवला, तो आत गेला. पिकलेल्या चिक्कूत जातो तसा. मागचं चाक, तेच. पलीकडं चष्मेवाल्याची सायकल. तेच. गोऱ्या बाईची. तेच. ओळीतली सगळी चाकं मऊ.

मला राग आला नाही. राग घरच्या माणसाचा येतो. मला फक्त वाटलं, इतक्या लांब येऊनसुद्धा माणूस तोच आहे.

पंप माझ्याच खोलीत सामानाबरोबर होता. आणला. दीपालीची दोन्ही चाकं भरली. अंगठा दुखेपर्यंत भरली. आता जावं आत, तर मनात आलं, थांब. सगळ्यांची हवा गेलेली आणि एकाच सायकलीची शाबूत, तर आळ कुणावर येणार? आपल्या गावात काय होतं? ज्याचं चाक टणक, तोच चोर. पोरीवर आळ यायला नको. म्हणून शेजारची भरली. मग तिच्या शेजारची. मग म्हटलं आता ओळच पुरी करू, ही लेकरं आईबापांपासून इतकी लांब आलीत, त्यांच्याकडं बघायला घरचं म्हातारं माणूस कुणी नाही.

त्या थंडीत मला घाम आला. घोंगडं काढून ठेवलं. त्या भोपळ्यांना हवा किती लागते ते पंपाला आणि माझ्या कमरेला माहीत.

बरं, भरली तर भरली. तेवढ्यावर थांबतो तो मी कसला. पुन्हा कुणी सोडू नये याचा बंदोबस्त नको का? माझ्या बंडीच्या खिशात पक्कड असते. हवा भरायच्या नळीवर बारकी धातूची टोपी असते ना, ती मी प्रत्येक चाकाची पकडीनं आवळली. बोटांनी सुटणार नाही अशी. दीपालीची तर विशेष मायेनं आवळली.

शेवटच्या चाकापाशी होतो, तेवढ्यात नेगी आला. हातात किटली. मला बघून थांबला.

"दादाजी, सुबह-सुबह? ठंड नहीं लगती?"

आता माझी हिंदी निजामाच्या वेळची, वडिलांकडून आलेली. मी पक्कड त्याच्यापुढं धरली आणि म्हटलं, "मेरेकू सब मालूम है जी."

"क्या मालूम है?"

"कल शाम कू तुम हवा छोड़े. मैं खिड़की में से देखा."

"मैंने?"

"अब छोड़ के दिखाओ."

त्यानं किटली खाली ठेवली. जवळच्या चाकावर अंगठा दाबला. आज अंगठा आत गेला नाही. दुसऱ्या चाकावर दाबला. तिसऱ्या. दाढीवाल्या माणसाचा चेहरा उतरला तर लगेच कळत नाही, पण याचा मला कळला. तो टोपी फिरवायला गेला, ती हलेना. मी म्हटलं, "नक्को कोशिश करू. पक्का काम है." आणि त्याचं मनगट धरलं. चोर सुटायला नको म्हणून.

तसाच धरून मी हाक मारली. दीपाली पळत आली. मागून बाकीचे. शर्यतीचे कपडे घालून सगळे तयार.

"आबा, नेगीसाहेबांचा हात सोडा."

"सोडत न्हाय. ह्यानं सगळ्यांची हवा सोडलीया. म्या भरून ठिवलीया."

"किती जणांची?"

"सगळ्यांची."

ती चाकापाशी बसली. अंगठा दाबून बघितला. मग वर न बघता म्हणाली, "आबा, हवा मीच सोडली व्हती."

"तुझी तू?"

"सगळ्यांनी आपापली सोडली व्हती. बर्फावर चाक मऊच लागतंय. टणक असलं की रुततंय न्हायतर घसरतंय. नेगीसाहेब फक्त बघून गेले, सगळ्यांनी बरोबर सोडली का न्हाय."

मी नेगीचा हात सोडला. दुसरं काय करणार? आणि वाईट काय, की हे मला माहीत होतं. ट्रॅक्टर चिखलात रुतला की ड्रायव्हर मागच्या चाकाची हवा कमी करतो, हे मी माझ्या रानात डोळ्यांनी बघितलंय. बर्फ म्हणजे पांढरा चिखलच की. पण ट्रॅक्टर वेगळा आणि सायकल वेगळी. सायकलीचं मला सगळंच येतं, त्यामुळं तिथं डोकं चालवायची सवय राहिली नव्हती.

सगळे आपापल्या टोप्यांना लागले. हातमोजे घालून बोटांत धरता येईना, काढले तर बोटं धातूला चिकटायला लागली. पक्कड एकच, ती माझ्या हातात. मी म्हटलं, "थांबा, म्या सोडून देतो." तर नेगी केवढ्यानं तरी म्हणाला, "आप कुछ मत छूना."

मग चष्मेवाला पुढं आला. हळू आवाजात बोलणारा, पण बोलला ते सुरीसारखं.

"नियम साफ है, नेगीजी. बाहर वाले ने साइकिल को हाथ लगाया, तो रायडर बाहर. दादाजी दीपाली के साथ आए हैं. उसकी साइकिल में भी हवा भरी."

दीपाली उठली आणि सायकलीला बांधलेलं अंथरूण सोडायला लागली. रडली नाही. एक एक पट्टा सावकाश सोडत होती, आणि ते बघणं रडण्यापेक्षा वाईट होतं. मी नेगीला म्हटलं, "गलती मेरी है. मेरेकू बाहर निकालो." तो म्हणाला, "दादाजी, आप अंदर थे ही कब?"

पण माणूस विचाराचा होता. त्यानं सगळ्यांना गोल उभं केलं आणि विचारलं, "दादाजी की वजह से किसका फायदा हुआ? हाथ ऊपर करो."

एकही हात वर झाला नाही. गोऱ्या बाईला कुणीतरी इंग्रजीत सांगितलं, तिनं तर दोन्ही हात खिशात घातले.

"मदद उसको बोलते हैं जिससे फायदा हो," नेगी म्हणाला. "कल रात को तूफान आता, साइकिलें दब जातीं, तो हम क्या बोलते?"

"आफत बोलते," केरळचा एक पोरगा म्हणाला.

"तो ये भी आफत है. सब पे बराबर आई है."

चष्मेवाल्यानं माझ्याकडं बघितलं. वरपासून खालपर्यंत. माकडटोपी, उपरणं, बंडी, हातात पक्कड. मग म्हणाला, "ठीक है. आफत तो है."

असं ठरलं. मी मदत नाही, आफत. मी दीपालीच्या कानाशी जाऊन म्हटलं, "बघ, सगळ्यांची भरली म्हणून वाचलीस. एकट्या तुझीच भरली असती तर?"

"आबा," ती म्हणाली, "आता एक शब्दबी बोलू नका."

माझी पक्कड एका पिंपावर ठेवली. ज्यानं त्यानं रांगेनं यायचं, आपल्या टोप्या आपण सोडायच्या, हवा कमी करायची आणि निघायचं. दीपाली रांगेत सगळ्यात शेवटी जाऊन उभी राहिली. नेगी तिला पुढं ये म्हणाला, ती गेली नाही. माझ्यामुळं झालं म्हणून तिनं स्वतःहून शेवटचा नंबर घेतला. आणि तिच्याच टोप्या मी मायेनं आवळलेल्या. बाकीचे डोंगराच्या वळणाआड गेले तरी ही पकडीशी झटतेय, आणि मी शेजारी हात बांधून उभा. जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, माझं काम जरा कच्चं असतं तर बरं झालं असतं.

शेवटी सुटल्या. ती निघाली. पांढऱ्यावर एक ठिपका, मग तोही नाही.

दुपारी नेगीच्या फोनवरून घरी बोललो. आमची मंडळी म्हणाली, "पोरगी निघाली का?"

"निघाली."

"सायकल नीट हाय न्हवं?"

"हवा जरा जास्त झाली व्हती."

"मग चांगलंच की."

मी फोन ठेवला.

त्या दिवसापासून नेगी माझ्याशी फार चांगला वागला. खोटं कशाला बोलू? मी खोलीबाहेर आलो की लगेच गरम चहाचा मोठा गिलास हातात. तो संपतोय तोवर दुसऱ्या हातात दुसरा. मी नको म्हटलं तरी कुणीतरी आणून द्यायचंच. शेडकडं दोन पावलं टाकली की गिलास आलाच. मला वाटलं, झालं गेलं विसरून माणसं मान देतायत, म्हातारा लांबून आलाय. आपल्याकडं असा चहा जावयालासुद्धा मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर सायकली परत यायला लागल्या. गोरी बाई पहिली आली. मग केरळची पोरं. चष्मेवाला आला, तो मला बघून सायकलवरून उतरला, सायकल उचलून खांद्यावर घेतली आणि माझ्यापासून लांबून वळसा घालून शेडमध्ये गेला. दोघांनी अर्ध्यातूनच जीप मागवली होती. त्यांच्याकडं मला बघवेना. दीपालीचा पत्ता नाही. सूर्य डोंगराच्या टोकाला लागला. मी नेगीला विचारलं नाही, पण त्यानंच सांगितलं, "आ रही है. धीरे है, पर चल रही है." मी दोन्ही हातांत गिलास धरून बर्फात उभा. मागच्या वर्षी ती कुठं बसली असेल, तेच डोक्यात. आणि या वर्षी बसली तर ती पायांमुळं नाही, माझ्यामुळं.

सूर्याची अगदी कोर उरली होती तेव्हा ठिपका दिसला. हळूहळू मोठा होत आला. भोपळे, मग सायकल, मग पोरगी. भुवयांवर बर्फ, ओठ फुटलेले. रेघेच्या आत आली. नेगीनं डोंगराकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि मान हलवली. पोचली. वेळेत पोचली.

"आबा," ती म्हणाली, "आले."

मला तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता. दोन्ही हातांत गिलास. खाली ठेवायला वाकलो, तर नेगी पुढं आला आणि अदबीनं म्हणाला, "नहीं दादाजी, पकड़ के रखिए. पहले साइकिल अंदर जाने दीजिए."

सायकल आत गेली. शेडला कुलूप लागलं. मग माझ्या हातातले गिलास काढून घेतले. दोन दिवस मला वाटत होतं, पाहुणचार चाललाय.